आमच्या वस्तीची शाळा आणि तिचे दाखल-खारीज

भगिनींनो, आपल्या मंडळाला यंदा २५ वर्षे पुरी झाली आणि स्मरणिका काढावयाचे ठरले. लेखांची वाटणी झाली त्या दिवशी मी थोडी उशिरा पोहोचले. तोपर्यंत पाककृती, रांगोळ्या, आरोग्य, तीर्थयात्रा हे सगळे विषय इतरांनी उचलून नेलेले. उरला होता फक्त इतिहास. मी म्हटले, माझे शिक्षण मराठी सातवी, मला काय इतिहास लिहिता येणार? तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "शाळेच्या रजिस्टरात दोन महिने डोके खुपसून कोण बसली होती? तूच ना? मग तेच लिही." तेव्हा जे पाहिले, ऐकले, वाचले, ते लिहिते आहे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

रजिस्टर पाहण्याचा प्रसंग कसा आला ते आधी सांगते. माझ्या भाचीला इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे कागद लागत होते. आपल्या पूर्व नागपुरात ज्या ज्या घरात पोर बारावी होते, त्या त्या घरात ही धावपळ असतेच. आजोबा-पणजोबांची जुन्यात जुनी नोंद पाहिजे. गरिबाच्या घरी कसली नोंद असणार? शेती नाही, सातबारा नाही, घराचा कागद असला तर अर्धा वाळवीने खाल्लेला. अशा माणसाचे नाव सरकारदरबारी एकाच ठिकाणी लिहिलेले सापडते, ते म्हणजे प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. म्हणून भाऊ मला म्हणाला, "ताई, तुला त्या शाळेतले लोक ओळखतात, तूच जाऊन पाहा." मी गेले. माझ्या आजोबांचे नाव शोधता शोधता तिसऱ्या दिवशी सापडले. पण तोवर मला त्या मोठमोठ्या लांब पानांची गोडी लागली होती. भाचीचे काम झाले, तरी मी जातच राहिले.

रजिस्टराचे रकाने असे: अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, कोणत्या वर्गात घेतले, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. शाई कोठे निळी, कोठे जांभळी, कोठे उडून पार तपकिरी झालेली. जन्मतारखेच्या रकान्यात पानेच्या पाने १ जुलै लिहिलेले आहे. आईला विचारले तर ती सांगणार, पोळ्याच्या आधी झाला, मोठ्या पुराच्या साली झाला. गुरुजींना तर तारीख पाहिजे. मग ते सहा वर्षे मोजून १ जुलै टाकून मोकळे होत. माझ्या सासूबाई, त्यांचे दोन दीर आणि शेजारच्या तिघीजणी, सर्वांचा वाढदिवस १ जुलै. मंडळात वाढदिवस साजरे करावयाची टूम निघाली तेव्हा या तारखेला एवढी गर्दी झाली की तो बेतच सोडून द्यावा लागला.

पण माझे डोळे अडले ते "सोडण्याचे कारण" या रकान्यावर. मुलांच्या नावापुढे असे: चौथी पास, दुसऱ्या शाळेत गेला, बाप गाव सोडून गेला. मुलींच्या नावापुढे बहुतेक एकच: "सतत गैरहजर, नाव कमी केले." काही ठिकाणी "लग्न". आणि जुन्या पानांवर तर मुलीचे नावच नाही. ओळीने चाळीस मुलगे झाले की एखादी मुलगी दिसे. मग माझ्या मनात आले, ही एवढी एक मुलगी तरी कशी आली असेल? आणि तिच्या आधी कोणी होती की नाही? येथून मी विचारावयास आणि वाचावयास लागले.

आपल्या नागपुरात भोसल्यांच्या राज्यात पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर, देवळात धूळपाटीवर मुलगे अक्षरे गिरवीत, पाढे म्हणत. व्यापाऱ्याची, कारकुनाची मुले ती. पुढे १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटलंडचे मिशनरी येथे आले आणि त्यांनी इंग्रजी पद्धतीची शाळा काढली. त्यांच्याच नावाचे कॉलेज १८८३ साली निघाले, ते आजही आहे. हिस्लॉपसाहेबांना दगडांचा आणि जुन्या अवशेषांचा भारी नाद. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळे पाहून परत येताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. त्याच सुमारास, १८६१ साली मध्यप्रांत झाला, पुढल्या वर्षी प्रांताचे शिक्षण खाते निघाले आणि १८६४ साली नागपूरची नगरपालिका स्थापन झाली. पुण्यास सावित्रीबाईंनी १८४८ सालीच मुलींना शिकवावयास आरंभ केला होता, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतोच. आमच्याकडे मुलींच्या नावे पाटी यावयास पुष्कळ उशीर लागला.

त्याचे कारण शोधावयास पुस्तक नको, आपल्या वस्तीकडेच पाहावे. १८७७ च्या १ जानेवारीला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मिलच्या भोंग्यावर अर्धे शहर उठू लागले. आणि इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ या भागात घरोघरी हातमाग. मागावर पुरुष बसे, परंतु त्या पुरुषाला बसता यावे म्हणून घरातील बाई आणि पोरी सकाळपासून रहाटावर कांड्या भरीत. कांडी संपली की माग थांबला, माग थांबला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा घरातून सात-आठ वर्षांची पोर शाळेत पाठविणे म्हणजे मागाचा एक पाय काढून देणे होते. आईबाप वाईट नव्हते. हिशेबच तसा होता.

तरीही काही माणसांनी हा हिशेब मोडला. त्यांपैकी दोघांची नावे आपल्या वस्तीत सर्वांना ठाऊक असावयास पाहिजेत, पण मी दहाजणींना विचारले तर एकीला माहीत होते.

पहिले किसन फागुजी बनसोड. हे मोहप्याचे, जन्म १८७९ चा. त्यांनी १९०७ साली पाचपावलीत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. अस्पृश्य म्हणून ज्यांना गावाच्या विहिरीवर उभे करीत नसत, त्यांच्या मुलींसाठी शाळा, आणि तीही १९०७ साली! ज्या रस्त्याने आपण भाजी आणावयास जातो, त्या पाचपावलीची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या जाईबाई चौधरी. यांची हकिगत मी वाचली तेव्हा पोळी तव्यावर करपली, एवढे मन त्यात गेले. जाईबाई उमरेडच्या, जन्म १८९२ चा. १८९६ च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब पोटासाठी नागपूरला आले. नवव्या वर्षी लग्न. पुढे थोडे लिहावाचावयास शिकल्या, पण पोटासाठी करावे लागले ते हमालीचे काम. कामठी-नागपूरच्या मार्गावर डोक्यावर लोकांचे सामान वाहून नेत. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या लक्षात आले की ही हमालीण वाचू शकते. त्यांनी तिला महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत मास्तरीण नेमले. वर्गात ही बाई शिकवावयास उभी राहिली आणि पालकांत बोभाटा झाला की महारीण आमच्या पोरांना शिकवते. मुले शाळेतून काढून घेतली. जाईबाईंची नोकरी गेली.

दुसरी एखादी असती तर परत ओझे उचलावयास गेली असती. जाईबाईंनी १९२२ साली स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळा कन्या पाठशाळा. घरोघर जाऊन मुली मागितल्या. पुढे त्या चांगल्या नावारूपाला आल्या, तरी अपमान चुकला नाही. १९३७ च्या अखेरीस नागपुरात सुशिक्षित स्त्रियांची अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेथेही जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविले. लगेच १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या नागपूरच्या दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला. आणि १९४२ च्या जुलैत येथेच दलित महिलांची मोठी परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब स्वतः हजर होते, हजारो बाया जमल्या होत्या. या सगळ्या जुन्या काळच्या बाया आणि आपण आज मंडळाच्या सभेत माईक हातात आला की लाजतो!

मधला सरकारी भाग मी भराभर सांगते, कारण त्यात मला फारसे गम्य नाही. प्राथमिक शिक्षणाचा कायदा मध्यप्रांतात १९२० साली झाला. सक्ती करावयाची की नाही ते ज्या त्या नगरपालिकेने ठरवावयाचे होते. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षणाची परिषद झाली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे अशी योजना निघाली. रविशंकर शुक्लांनी तिला जोडून खेड्यांसाठी विद्यामंदिर योजना काढली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून मास्तराला महिना पंधरा रुपये मिळावे असा तो बेत होता. फार टिकली नाही. मला मात्र हाताच्या कामातून शिक्षण हे वाचून हसू आले. आमच्या घरी हाताचे काम भरपूर होते, कमी पडत होते ते शिक्षण. स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत जनपद सभा आल्या, म्हणून आमच्या काटोलकडच्या आत्या अजूनही "जनपदची शाळा" म्हणत. १९६२ पासून त्या शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. शहरात १९५१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आमची शाळा "कार्पोरेशनची शाळा" झाली. कार्पोरेशनच्या शाळा मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन भाषांच्या. आमच्याच रस्त्यावर दोन भाषांच्या दोन शाळा होत्या आणि सुटी झाली की भांडणे दोन्ही भाषांत चालत.

रजिस्टरातही हे बदल दिसतात. १९५६ नंतरच्या पानांवर मुलींची नावे एकदम दाट होतात. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जो सोहळा झाला, त्यानंतर आमच्या शेजारच्या वस्तीने काही झाले तरी पोरींना शाळेत घालावयाचेच असे ठरविलेले दिसते. कोष्टीपुऱ्यातील मुली त्यांच्या मागून दहा-बारा वर्षांनी आल्या. आमच्या लोकांना हे ऐकून राग येईल, पण रजिस्टर कोणाची भीड धरीत नाही.

आता माझी स्वतःची शाळा. मी १९८७ साली पहिलीत गेले. विदर्भाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पहिल्याच दिवशी चिखल ठरलेला. बसावयास टाटपट्टी. ती झटकण्याची पाळी वाटून दिलेली असे आणि झटकताना एवढी धूळ उडे की झटकणारी पोर भुतासारखी दिसे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज लिहावयाचे: वार, तारीख, पट, हजर. पट ४२, हजर ३०. लग्नसराईच्या आधी सणासुदीच्या साड्यांची घाई असली की हजर १८. तो आकडा पाहून कोणीही सांगावे की वस्तीत मागाला काम आहे की नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवावयाचे आणि मारबत पाहावयास पळावयाचे, त्या दिवशी तर पटावर फक्त गुरुजीच.

प्रार्थनेनंतर परिपाठ होई. त्यात सुविचार, पाढे आणि बातम्या. गुरुजी घरून वर्तमानपत्र आणीत आणि वरच्या वर्गातील एकाने तीन ठळक बातम्या मोठ्याने वाचावयाच्या. वस्तीत वर्तमानपत्र दोन-तीन घरीच येई, तेव्हा जगाची बातमी आमच्या घरात शिरे ती माझ्या तोंडून. १९९१ च्या जुलैअखेर आपल्याच जिल्ह्यातले मोवाड वर्धा नदीच्या पुरात बुडाले, दोनशेच्या वर माणसे गेली, ती बातमी मी पाचवीत असताना वाचली. शाळाभर चिडीचूप झाली होती. घरी येऊन सांगितले तर आजी रडावयास लागली, तिच्या माहेरची माणसे त्या बाजूची. आणि १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत. आम्ही मुलींनी डबा घेऊन वस्तीत चाराणे-आठाणे गोळा केले. माझ्या बापाने मागावरून न उठता कमरेचे दोन रुपये काढून दिले. ते दोन रुपये म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हते.

शाळेतून घरात जावयाच्या आणखी पुष्कळ गोष्टी असत. १९९१ ची खानेसुमारी आली तेव्हा आमच्याच बाई पाटी-कागद घेऊन दारी आल्या आणि आईला विचारू लागल्या, लिहितावाचता येते का? आई माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "सही येते." खोटे नव्हते. साक्षरतेची लाट होती, शाळेने सांगितले होते की प्रत्येकीने घरच्या एका माणसाला सही शिकवावी. मी पाटीच्या मागल्या बाजूला आईला गिरवून दिले होते. आईचे नाव चार अक्षरी, त्यातील शेवटचे अक्षर ती कायम उलटे काढी. रेशनच्या दुकानात पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी तिने पुऱ्या केल्या होत्या.

आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला दुसऱ्या शाळेत जावे लागे, ती दीड कोस दूर आणि मधे मोठा रस्ता व रेल्वेचे फाटक. फी मुलींना नव्हती. परंतु गणवेश, वह्या, आणि मुख्य म्हणजे पूर्ण दिवस. निकाल लागला, मी वर्गात दुसरी आले. बाई स्वतः घरी आल्या. आईने चहा ठेवला, बाबा मागावरून उठून हात पुसत आले.

बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी हुशार आहे. आठवीचा फारम मीच भरून देते."

बाबा म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं काही खोटं नाही. पण तिच्या मागून तिघं आहेत. ही गेली तर कांड्या कोण भरन? अन् पोरीला फाटकापल्याड धाडावं तर जीव टांगला राहाते."

बाई पुष्कळ वेळ बसल्या. चहा निवून गेला. शेवटी म्हणाल्या, "मी फारम ठेवून जाते. मन झालं तर सांगा." तो फारम आमच्या देवाच्या फळीवर दिवाळीपर्यंत होता.

बाबांवर माझा राग नाही. पुढे पाच-सहा वर्षांत मागच बसले. पॉवरलूमच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही, माग मोडून लाकूड जळणात गेले आणि बाबा एका गोदामात चौकीदारीला लागले. २००२ साली एम्प्रेस मिलही कायमची बंद झाली, भोंगाही गेला. ज्या मागासाठी माझी आठवी गेली तो मागही राहिला नाही, एवढेच कधीकधी डोक्यात येते. असो. एके काळी मराठी सातवी झालेला माणूस मास्तर होई, पटवारी होई. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीत सातवी पास म्हणजे कागद वाचावयास माणसे दारी येत. माझ्या वेळेपर्यंत सातवीची किंमत कांड्यांपेक्षा कमी झाली होती.

लग्न होऊन मी याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडे आले आणि २००४ साली माझा मुलगा झाला. आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मान खाली जाते. त्याला मी कार्पोरेशनच्या शाळेत घातले नाही. आपल्याकडे "कॉन्व्हेंट" म्हणतात, म्हणजे मिशनचे नव्हे, गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत चालणारे, गळ्यात टाय बांधणारे, तशात घातले. यजमानांचा ओव्हरटाइम आणि माझे शिवणकाम त्या फीत जाई. सगळ्याच घालीत होत्या. हळदीकुंकवाला एकीने विचारावे, "तुमचा कुठे आहे?" आणि आपण कार्पोरेशन म्हणावे, तर समोरचीचा चेहरा कसा होई हे येथील प्रत्येकीला ठाऊक आहे. आज शाळा ओस पडली म्हणून आपण सभेत हळहळतो. परंतु पटावरील नावे कोणी बाहेरून येऊन पुसली नाहीत. एकेक नाव आपण आपल्या हाताने नेले.

गंमत अशी की ज्या शाळेत मुलगा घातला नाही, तेथेच मी खिचडी शिजवावयास जाऊ लागले. केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना १९९५ च्या १५ ऑगस्टला निघाली. पहिल्याने हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला की शिजवून वाढा. मग ते काम बचत गटांकडे आले आणि आपल्या मंडळाच्या आम्ही पाचजणी लागलो. चूल शाळेच्या मागल्या पडवीत. तांदूळ सरकारचा, डाळ, तेल, मोहरी, हळद मोजून. दर सोमवारी हजर जास्त असे, कारण रविवारी पुष्कळ घरी काही शिजलेले नसे, हे आम्हाला पातेल्यावरून कळे. एक पोरगी रोज अर्धी खिचडी डब्यात भरी, धाकट्या भावासाठी. नियमात बसत नव्हते. आमच्यातील मावशी तिला पाठ फिरवून वाढी, म्हणजे पाहिले असे होऊ नये. पुढे शहरात मोठ्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीने जेवण यावयाची पद्धत आली आणि आमची चूल थंडावली.

२०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा आला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती असते, तीत चार भागांपैकी तीन भाग पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. माझी धाकटी मुलगी तेव्हा शाळेच्या वयाची झाली होती. तिला मात्र मी हट्टाने आमच्याच शाळेत घातले. काही प्रायश्चित्त म्हणून, काही दोन फिया झेपत नव्हत्या म्हणून, दोन्ही खरे. त्यामुळे समितीत माझे नाव आले. पहिल्या सभेत मी एकच वाक्य बोलले: मुलींच्या संडासाला कडी नाही. कडी बसली. माझ्या वेळीही ती नव्हती.

२०२० च्या मार्चात करोनाने शाळा बंद झाली. शिक्षण मोबाइलवर आले. आमच्या वर्गाच्या २२ मुलांच्या घरी मिळून नऊ मोबाइल, त्यांतील चार बापाबरोबर दिवसभर बाहेर. बाई गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर चार-चार मुले दूर दूर बसवून शिकवीत. शाळा पुन्हा उघडली तेव्हा हजर झाली १३. बाकीची काही गावी गेली, दोघी मुली कामाला लागल्या. मग पट इतका उतरला की शाळा पलीकडच्या वस्तीतील शाळेत सामावून घेतली. इमारतीत एका खोलीत अंगणवाडी आहे, दुसऱ्या खोलीत मतदान होते, आणि मधल्या मोठ्या खोलीत, परवानगी काढून, आपले मंडळ भरते. आपण ज्या भिंतीला टेकून भजन म्हणतो, तिच्यावर रंगाखाली अजून बाराखडी दिसते, पाहा कधी निरखून.

माझी मुलगी त्या शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत तेथून सातवी झाली. आठवीला ती फाटकापलीकडच्याच शाळेत गेली. फाटकाच्या जागी आता उड्डाणपूल आहे.

शाळा उठली तेव्हा कपाटे, टेबले, तराजू, नकाशे सगळे नव्या शाळेत गेले आणि त्यांच्याबरोबर दाखल-खारीजही. भाचीच्या कामासाठी मी गेले ती तेथेच. सर्वांत जुन्या पुस्तकाची पाने हात लावताच तुटत होती, खालचा कोपरा वाळवीने नेलेला. तेथील मोठ्या बाई फार चांगल्या. मी त्यांना म्हटले, मुलींची तेवढी नावे उतरवून घेऊ का? त्या म्हणाल्या, "येथेच बसून उतरवा. जातीचा आणि जन्माचा रकाना लिहू नका, पुस्तक बाहेर नेऊ नका." मग मी आणि मंडळाच्या दोघी, आळीपाळीने, दुपारी दोन ते चार बसलो. नाव, बापाचे नाव, दाखल झाल्याचे साल, सोडल्याचे साल आणि कारण, एवढेच उतरविले. सगळ्या ओळी सुवाच्य नाहीत. जेथे वाचता आले नाही तेथे जागा कोरी सोडली आहे, आपल्या मनाचे भरले नाही.

त्यात माझी मोठी आत्या सापडली, दुसरीत असताना "सतत गैरहजर". ती वारली तोवर आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते की ती कधी शाळेत गेली होती. माझीही ओळ आहे. कारणाच्या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: "सातवी पास. आठवीत प्रवेश." बाईंनी ती टी.सी. आधीच करून ठेवलेली असावी. मी न्यावयास गेलेच नव्हते.

दोन वह्या भरल्या आहेत. त्या मंडळाच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, किल्ली माझ्याजवळ असते. दर गुरुवारी भजनानंतर अर्धा तास कपाट उघडते. ज्यांच्या आई, आजी, आत्या, सासूबाई या शाळेत गेल्या असतील, त्यांनी साधारण साल आणि माहेरचे नाव विचारून यावे. सासूबाईंना बरोबर आणल्यास अधिक बरे, कारण कोऱ्या राहिलेल्या जागी कोणाचे नाव होते, हे त्यांच्यापैकी कोणाला तरी आठवेल.